शहागंजातल्या अत्ताराकडचा गुलबाबूना

कॅमोमाइलचा चहा सुरू करायचा असेल आणि तुम्ही संभाजीनगरात किंवा आसपास राहत असाल, तर ऑनलाइन डबा मागवण्याआधी एकदा शहागंजात जाऊन या. घड्याळाच्या मनोऱ्याकडून सिटी चौकाच्या बाजूला निघालं की आतल्या गल्लीत अत्ताराचं एक जुनं दुकान लागतं. पाटीवरची अक्षरं उन्हापावसाने उडून गेली आहेत. भाजीवाल्याला, चपलावाल्याला, कुणालाही ‘जडीबुटीवाले अत्तार’ म्हणून विचारा, बोट दाखवतील. तिथे गुलबाबूना मागायचा. कॅमोमाइल ते हेच. गेली काही वर्षं मी बाबूना तिथूनच आणते आणि ओळखीच्या बऱ्याच जणींना तिथे पाठवलं आहे. काही जणींना मात्र ‘तू घेऊ नको’ असंही स्पष्ट सांगितलं आहे. ते का, तेही खाली लिहिते.

मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात. नोकरीचा मोठा भाग रात्रपाळीत गेला. रात्रपाळीवाल्या माणसाची झोप आणि पोट दोन्ही एकदमच बिघडतात. रात्री दीड-दोनला घाईघाईने चार घास खायचे, पहाटे वॉर्डातला कडक चहा, सकाळी घरी येईपर्यंत पोट फुगलेलं आणि अंथरुणावर पडलं तरी डोळे टक्क उघडे. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेली माणसं रोज बघते, त्यामुळे त्या वाटेला जायचं नाही हे पक्कं होतं. ओवा, बडीशेप, गवती चहा हे घरात होतंच. त्यात वॉर्डातल्या एका सिस्टरने कॅमोमाइलच्या टी-बॅगांचा डबा आणून दिला.

कंपनीचं नाव घेत नाही. डब्यावर पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या गाभ्याचं टपोरं फूल छापलेलं होतं. चव पाणचट लागली म्हणून एक पुडी कात्रीने कापून पांढऱ्या बशीत ओतली. फूल नावाला नव्हतं. करड्या-पिवळ्या रंगाचा भुगा, त्यात हिरवट काड्यांचे बारीक तुकडे. बोटांत चोळून नाकाशी नेला तर वाळल्या गवतापलीकडे कसलाही वास नाही. डब्यात २५ पुड्या, एका पुडीत सव्वा ग्रॅम, म्हणजे सगळा मिळून एकतीस ग्रॅमच्या आसपास माल आणि किंमत २९९ रुपये. किलोचा हिशेब करा, साडेनऊ हजारांच्या वर जातो. एवढे पैसे घेऊन लोकांना भुगा विकायचा आणि डब्यावर शांत झोपेची हमी छापायची, याचा मला मनापासून राग आला. औषधी वनस्पतीत वास हाच जीव असतो. भुगा केला की हवा लागते, हवा लागली की त्यातलं तेल उडतं, मग उरतो तो चोथा.

अत्ताराकडे मला आमच्या जुन्या मेट्रनबाईंनी पाठवलं. दुकान बाहेरून चिंचोळं दिसतं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना छतापर्यंत लाकडी खण, खाली गोण्या, मधे काचेच्या बरण्या. एकाच फळीवर उन्नाब आणि गुलबनफ्शा आणि त्याच्या शेजारी हिरडा, बेहडा, वावडिंग, मुरुडशेंग. हकिमाची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस आणि बाळंतिणीसाठी डिंक, सुंठ, पिंपळमूळ, बाळंतशोपा न्यायला आलेली आई, दोघंही एकाच गल्ल्यासमोर उभे असतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे युनानी, म्हणजे हकिमी, औषधं इथल्या लोकांना परकी नाहीत. आमच्याकडे हिंदू घरांतही ‘हकिमाचा जोशांदा’ सर्दीला आणला जायचा.

गल्ल्यावर जे वयस्कर चाचा बसतात त्यांचे आजोबाही हाच धंदा करायचे. ते मराठी छान बोलतात, मधूनच आपलं दख्खनी येतं. मी भाव विचारला तर म्हणाले, “सिस्टर, आधी हुंगा. भाव नंतर.” त्यांनी बरणीतून मूठभर फुलं काढून कोऱ्या कागदावर पसरली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पिकल्या सफरचंदाचा गोडसर वास, त्याच्या मागून थोडा वाळल्या चाऱ्याचा, शेवटी किंचित कडवट. टी-बॅगेत हे काहीच नव्हतं. फुलं बहुतेक अख्खी होती. मधला पिवळा गाभा पाच-सहा मिलिमीटरचा, शंकूसारखा वर निघालेला. पांढऱ्या पाकळ्या वाळून आखडलेल्या आणि खाली देठाकडे वळलेल्या. चाचांनी खणातून ब्लेड काढलं, एक फूल अंगठ्याच्या नखावर धरलं आणि उभं चिरलं. आत पोकळ! मग दुसऱ्या एका डबीतून तसंच दिसणारं एक फूल काढून चिरलं. ते आतून भरीव होतं आणि गाभ्याला बारीक खवले होते. म्हणाले, “हे पण बाबूना म्हणून येतं बाजारात. दिसायला भाऊ, पण घराणं वेगळं.”

हा फरक त्यांनी शोधलेला नाही, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही हाच सांगतात. औषधात जे मुख्यतः वापरतात ते जर्मन कॅमोमाइल, शास्त्रीय नाव मॅट्रिकॅरिया कॅमोमिला. त्याच्या फुलाचा गाभा आतून पोकळ असतो. त्याच्याच जवळच्या अँथेमिस जातीतली काही तणं अगदी तशीच दिसतात, पण त्यांचा गाभा भरीव असतो. त्यातल्या एकाचा वास चक्क घाणेरडा येतो आणि ते कातडीला लागलं तर आग होते. भेसळ होते ती बऱ्याचदा त्याचीच. रोमन कॅमोमाइल म्हणून तिसरं एक बहुवर्षायू झाड आहे, तेही चांगलं औषधी, पण त्याचाही गाभा भरीव आणि चव जास्त कडू. आपल्याकडे जे पिकतं ते जर्मन. तेव्हा तुम्ही कुठूनही फुलं घ्या, घरी आल्यावर दोन-तीन फुलं ब्लेडने चिरून बघा. भुगा घेतला तर हे बघताच येत नाही. अख्खं फूल घ्या असं मी प्रत्येकीला सांगते ते मुख्यतः यासाठी.

माल कुठला, विचारलं. चाचा हैदराबादच्या बेगम बाजारातून उचलतात, तिथे तो उत्तरेकडून येतो. भारतात कॅमोमाइलची शेती लखनौच्या आसपास जुनी आहे. तिथल्या सीमॅप या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘वल्लरी’ नावाचं वाणही काढलं आहे. पीक रब्बीचं: ऑक्टोबरात रोप टाकतात, फेब्रुवारीपासून उन्हाळा तापेपर्यंत फुलं खुडत राहतात. एका झाडाची फुलं एकदम येत नाहीत, पुन्हा पुन्हा वेचावं लागतं, आणि चार-पाच किलो ओल्या फुलांची वाळून जेमतेम किलोभर होतात. सावलीत वाळवलेली असली की रंग टिकतो. चाचा म्हणाले तेही याला धरूनच आहे: “मे महिन्यात या, नवा माल असतो. दिवाळीनंतर आलात तर मीच सांगेन की जुना आहे.” आणि खरंच, एकदा हिवाळ्यात गेले तेव्हा त्यांनी बरणी उघडून दाखवली, फुलं विटकरी पडली होती, तळाला पिवळी पूड साचली होती. “अर्धाच घ्या, चव नाही याला,” असं स्वतःहून म्हणाले. हल्ली कोण म्हणतं असं?

भाव १०० ग्रॅमला १६० रुपये होता, शेवटचा आणला तेव्हा. वरखाली होतो. फुलं हलकी असतात, १०० ग्रॅमची पिशवी चांगली फुगते आणि रोज एक कप घेतला तरी महिनाभर जाते.

आता तो करायचा कसा. आपल्याला चहा म्हटलं की उकळायची सवय. आधण ठेवायचं, पत्ती टाकायची, खळखळ उकळू द्यायचं. बाबूना असा उकळला तर सगळ्या गल्लीला वास येईल आणि कपात कडू पाणी उरेल. या फुलातलं तेल वाफेबरोबर निघून जातं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, कपात फुलं घालायची, वरून पाणी ओतायचं आणि लगेच झाकण ठेवायचं. झाकणाला बशी चालते. युरोपात जे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि औषधांच्या ग्रंथांतही छापलेलं असतं ते असं: तीन ग्रॅम फुलं, दीडशे मिलिलिटर पाणी, पाच ते दहा मिनिटं. आमच्या घरच्या काट्यावर तीन ग्रॅम म्हणजे पोह्यांच्या चमच्याने शीग लावून दोन चमचे भरतात. झाकण काढताना बशीच्या आतल्या बाजूला जे थेंब जमतात ते कपातच निथळू द्या. वास त्यात असतो. मग सुती फडक्यातून गाळायचं, चहाच्या गाळणीतून परागांची पूड खाली जाते आणि घशात खवखवते. रंग फिकट सोनेरी यायला हवा. दूध नको. गोडी हवी तर पिताना थोडा मध किंवा गूळ. पाण्याचंही सांगते. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी आहे, त्यात केला तर चव एकदम बोथट होते आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो. जायकवाडीचं नळाचं पाणी येतं त्या दिवशी भरून ठेवलेल्यात करा, नाहीतर फिल्टरचं घ्या.

गुण कुठे आला? मला सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्ट आला तो पोटाला. रात्रपाळीहून आल्यावर आंघोळ करून कपभर घेतला की अर्ध्या तासात पोटातली ओढ सैल पडते, ढेकर येते, वारा सरतो. हे फूल आतड्याच्या स्नायूंचा ताठरपणा कमी करतं. स्पेनमध्ये जेवणानंतर हा काढा घ्यायची पद्धत आजही घरोघरी आहे. जर्मनीत सरकारने वनौषधी तपासायला नेमलेल्या कमिशन ई नावाच्या समितीने पोटातले मुरडे आणि पचनमार्गाची सूज यासाठी हे फूल मान्य केलं आहे. बाहेरून लावायला कातडीची आणि हिरड्या-तोंडाची सूज, आणि श्वासनलिकेच्या त्रासाला वाफ, हेही तिच्या यादीत आहे. झोप मात्र त्या यादीत नाही. डब्यांवर जे सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतात, तेच त्या यादीत नाही, हे वाचून मी थांबले आणि पुढे शोधलं.

झोपेवर २०११ साली अमेरिकेत एक लहान अभ्यास झाला. जुना निद्रानाश असलेल्या ३४ जणांना २८ दिवस, निम्म्यांना कॅमोमाइलचा अर्क आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी. झोपेच्या एकूण वेळेत म्हणावा असा फरक पडला नाही. त्याआधी २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ५७ जणांपैकी साधारण निम्म्यांना सततच्या चिंतेसाठी आठ आठवडे अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, तिथे चिंता बऱ्यापैकी कमी झालेली दिसली. दोन्ही ठिकाणी घट्ट अर्क होता, चहा नव्हे. म्हणून माझं मत असं: ज्याची झोप पोटामुळे किंवा डोक्यातल्या विचारांमुळे अडते त्याला याची मदत होते. ज्याला खरा निद्रानाश आहे, महिनोन्‌महिने रात्र उघड्या डोळ्यांनी जाते, त्याने डॉक्टरांकडे जावं, फुलाच्या भरवशावर बसू नये. मला उपयोग होतो. कपभर गरम काढा, मोबाइल लांब, पडदे ओढलेले, आणि पोट शांत. यातलं किती फुलाचं आणि किती बाकीचं, ते वेगळं काढता येत नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

तोंड आलं की गार केलेल्या काढ्याच्या गुळण्या मी घरात सगळ्यांना करायला लावते. चांगला आराम पडतो, झोंबत नाही. सर्दीत वाफ घ्यायलाही बरा. पण लहान लेकरांना पातेल्यावर डोकं झाकून वाफ देऊ नका. उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून भाजलेली लेकरं दवाखान्यात येतात, ते बघवत नाही. आणि तान्ह्या बाळाच्या पोटदुखीला हा काढा अजिबात नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि मध तर वर्षभर नाही. परदेशातल्या आज्या देतात म्हणून आपण द्यायचं कारण नाही.

आता ज्यांना मी नको म्हटलं त्यांच्याविषयी. हा भाग नीट वाचा.

कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं. झेंडू, सूर्यफूल, करडई सगळी त्याच घरची. आणि त्याच घरचं गाजर गवत. ते १९५५ साली पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, परदेशातून आलेल्या धान्याबरोबर आलं असं मानतात, आणि आज मराठवाड्यात असा बांध नाही, असा रस्ता नाही, असा पडीक प्लॉट नाही जिथे ते नाही. त्याची अ‍ॅलर्जी असलेली माणसं मी ओपीडीत कायम बघते. बहुतेक शेतकरी. मानेची कातडी जाड, काळी, सालपटं निघालेली. पापण्या सुजलेल्या, कोपराच्या लवणीत चिरा. सदरा घातलेला भाग बरा आणि उघडा भाग खराब, म्हणून ओळखूही येतं. पावसाळ्यात खुरपणीला गेले की वाढतं. खाजवून खाजवून रात्रभर झोप नाही, आणि मग कुणीतरी सांगतं, झोपेला कॅमोमाइल घ्या! अशा माणसाने हे फूल तोंडाला लावू नये. एका कुळातल्या झाडांची अ‍ॅलर्जी एकमेकांत चालू शकते, आणि पोटात गेल्यावर ती नुसती खाजेवर थांबेल असं नाही, ओठ-घसा सुजू शकतो. आमच्या शेजारच्या वहिनींना शेवंतीच्या वेणीनेसुद्धा शिंका सुरू होतात, त्यांनाही मी नकोच म्हटलं. शंका असेल आणि अ‍ॅलर्जीचा इतिहास नसेल तर पहिल्या दिवशी दोन घोट घ्यायचे आणि थांबायचं. याच कारणाने या पाण्याने डोळे धुऊ नका. जुनी पद्धत आहे ती, पण परागकण डोळ्यात जाऊन डोळे लाल झाल्याच्या नोंदी आहेत.

दुसरे, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे. हृदयाची झडप बदललेले, पायात गुठळी झालेले लोक वॉरफेरिनसारखी गोळी घेतात आणि दर थोड्या दिवसांनी रक्त तपासतात. कॅमोमाइलमुळे त्या गोळीचा जोर वाढून आत रक्तस्राव झाल्याची घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे. झोपेच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर गुंगी वाढू शकते. गरोदर बाईने औषध म्हणून रोज घेऊ नये. या सगळ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुलं आणू नयेत. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकलं की माझ्या छातीत धस्स होतं.

चाचांच्या दुकानाचं मला जे कौतुक आहे ते इथेच. मी एकदा उभी असताना जालन्याकडचा एक तरुण आला. वडिलांची मधुमेहाची गोळी बंद करायची आहे, काहीतरी जडीबुटी द्या म्हणाला. गिऱ्हाईक हातचं होतं, पैसे खिशात होते. चाचा म्हणाले, “गोळी बंद करायची नाही, बेटा. डॉक्टरसाहेबांना विचारून ये, मग मी पण आहे आणि दुकान पण आहे.” त्याला रिकाम्या हाताने पाठवलं. औषध विकणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. मोठमोठ्या चकचकीत दुकानांत हे बघायला मिळत नाही.

फुलांशिवाय तिथे रोगन बाबूना मिळतं, म्हणजे बाबूना घालून मुरवलेलं तिळाचं तेल. चाचा ते उन्हाळ्यात स्वतः करतात. काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत फुलं, वरून घाण्याचं तीळतेल, तोंडाला फडकं बांधून गच्चीवर ऊन देतात, मग पिळून गाळतात. रंग पिवळसर-तपकिरी असतो. बरेच जण ऑनलाइन वाचून विचारतात की कॅमोमाइलचं तेल निळं असतं ना? निळं असतं ते फुलं वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेलं सुगंधी तेल. फुलात निळा रंग नसतोच, वाफेच्या उष्णतेने त्यातल्या एका घटकाचं कॅमाझुलीन नावाचं निळं द्रव्य होतं आणि तेल गडद निळं उतरतं. चाचांकडे त्याची एक इवलीशी कुपी आहे, झाकण उघडून दाखवतात, विकत नाहीत. कुणी तुम्हाला स्वस्तात मोठी बाटली भरून निळं तेल देत असेल तर घेऊ नका.

रोगन मी मायसाठी नेते. माय परभणीकडे गावी असते, गुडघे गेलेत. कापूस वेचून, निंदून, उभा जन्म वाकून काढला, गुडघे जाणारच. रात्री कोमट करून दहा मिनिटं हलक्या हाताने चोळते आणि वरून जुन्या लुगड्याची घडी गुंडाळते. तिला बरं वाटतं, पाय हलका पडतो म्हणते. इराणात २०१५ साली गुडघ्याच्या दुखण्यावर कॅमोमाइलचं तेल लावून बघितलं होतं. तेल लावणाऱ्यांना दुखण्याची गोळी कमी लागली, पण गुडघ्याच्या ताठरपणात आणि हालचालीत इतरांपेक्षा फारसा फरक दिसला नाही. मायचंही म्हणणं असंच काहीसं आहे: “तेलानं होतंय का तू चोळतीस त्यानं होतंय, मला कळंना माय. पर चोळ तू.” झिजलेला सांधा तेलाने भरून येत नाही हे तिला माहीत आहे. तिच्या गोळ्या चालू आहेत, व्यायाम चालू आहे, आणि हे त्याच्या जोडीला. १०० मिलिलिटरला १८० रुपये पडतात, तेलाचा वास खवट येत नाही, कपड्याला डाग मात्र राहतो.

दुकानात काही गोष्टी सुधारायला हव्यात. मागितल्याशिवाय बिल देत नाहीत. कागदाच्या पुडीवर तारीख टाकत नाहीत, ती मी स्वतः पेनाने टाकते. पावसाळ्यात गोण्यांना ओल येते. श्रावण-भाद्रपदात फुलं हाताला मऊ लागली तर घेऊ नका, बुरशीची शक्यता असते. चाचा नसतात तेव्हा त्यांचा भाचा बसतो, तो घाईत असतो, हुंगायला देत नाही, तळातली पूडही वजनात घालतो. त्याच्याकडून घ्यायचं असेल तर चाळून द्यायला सांगा, कुरकुरतो पण देतो. गल्ल्याच्या कडेला वजन कमी करायची, सांधेदुखीची तयार चूर्णं टांगलेली असतात. दुकान कितीही विश्वासाचं असो, ज्या पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं नाही ते मी कुठूनच घेत नाही. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं आणि मग तोंड सुजलेले, साखर वाढलेले पेशंट आमच्याकडे येतात. सुटी, अख्खी, डोळ्यांना ओळखू येणारी वनस्पती घ्या.

घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि अंधाऱ्या, गार जागी ठेवा. गॅसच्या वरच्या फळीवर नको, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, महिनाभरात वास मरतो. म्हणून वर्षाचा साठा करू नका. १०० ग्रॅम आणा, संपलं की पुन्हा जा.

जायचं तर सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा चाचा हमखास असतात आणि गर्दी कमी असते. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला बंद. गाडी आत नेऊ नका, मुख्य रस्त्यावर लावून चालत जा. रोगन हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि बाटली आपली न्यायची, काचेची, आतून पूर्ण कोरडी. ओली दिसली तर चाचा परत पाठवतात.